टॅबचं बटण

गारखेड्यातल्या अभ्यासिकेत ते रोज माझ्या शेजारी बसायचे. पन्नाशीचे असतील, नाव मी कधी विचारलं नाही. एक ओळ टाइप केली की दोन्ही हात मांडीवर ठेवायचे, स्क्रीनकडे बघत राहायचे, मग पुढची ओळ. मला त्याचा वैताग यायचा.

त्या दिवशी नोकरीसाठी लिहिलेला प्रोग्राम पाठवायला दहाच मिनिटं उरली होती. त्यातल्या चाळीस ओळी जरा आत सरकवायच्या होत्या. सगळ्या एकदम निवडून मी टॅब दाबला, तर त्या सरकल्या नाहीत, गायबच झाल्या. घाबरून मी दिसेल ते बटण दाबणार, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांबा. काहीच दाबू नका."

त्यांनी कंट्रोल आणि झेड दाबलं. ओळी परत आल्या. मग प्रोग्राम लिहायच्या एडिटरच्या सेटिंगमध्ये काहीतरी लिहून त्यांनी पुन्हा टॅब दाबला. चाळीसच्या चाळीस ओळी एकदम आत सरकल्या.

"आता नाय जाणार."

प्रोग्राम वेळेत गेला. "तुम्हाला बरं लगेच सुचलं," मी म्हणालो.

"माझं बी असंच गेलं होतं. सहा महिन्यांचं काम. मी घाबरून सेव्ह केलं अन् बंद केलं. मग कंट्रोल-झेडनं बी परत येईना."

त्यांचे हात मांडीवरच होते.