सातवी स्क्रीन

अँब्युलन्सच्या नियंत्रण कक्षात तिची एकवीस वर्षं गेली होती, आणि त्यातली निम्मी तरी रागात. माघारी सगळे तिला ठिणगी म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि त्याचाही तिला राग यायचा.

ती आली टेलिफोन ऑपरेटर म्हणून. जुना बोर्ड भंगारात गेला तेव्हा बरोबरच्या तिघी घरी बसल्या. हिने मात्र लेकीने टाकून दिलेल्या कॉम्प्युटरवर धडपडत लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली शिकून घेतली आणि तंत्रज्ञाच्या खुर्चीवर जाऊन बसली. कक्षातला मुख्य कॉम्प्युटर तिच्याच हातचा. आठ वर्षांत त्याने एकदाही मान टाकली नव्हती.

मग मोठ्या साहेबांच्या डोक्यात आलं, की कक्ष जरा आधुनिक दिसायला हवा. दोन मॉनिटरांच्या जागी सहा आले. ठिणगी लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर होती. तेवढ्यात बाहेरच्या कंत्राटदाराने भिंतभर स्क्रीन लावून हात झटकले.

ती परतली तर सगळा आनंदीआनंद. कॉम्प्युटर बंद करून चालू केला की स्क्रीनच्या जागा बदलायच्या. डावीकडचा नकाशा उजवीकडे. माउस एका स्क्रीनच्या कडेवरून गायब व्हायचा तो भलतीकडेच उगवायचा. तिने लेखी तक्रार केली. मग दुसरी केली. तिसऱ्या वेळी साहेबांनी कागदाकडे पाहिलंही नाही.

"फुकटचं लिनक्स आहे बाई, असंच चालायचं."

"फुकट आहे म्हणून फालतू नाही, साहेब. मला एक दिवस द्या, सगळ्या जोडण्या तपासते."

"चालू यंत्रणेला हात लावायचा नाही. आदेश समजा."

ती दात-ओठ खात बाहेर आली. आदेश तिने पाळला. पुढे तिला स्वतःचा राग आला तो याच गोष्टीवरून.

आठवड्याभराने, भर दुपारी, एका बाईचा फोन आला. नवरा न्हाणीघरात कोसळलाय, तोंड वाकडं झालंय. फोन उचलला की पत्ता भरायचा फॉर्म आपोआप उघडायला हवा. तो उघडलाच नाही. ऑपरेटर मुलगी सहाही स्क्रीनवर माउस फिरवून शोधत राहिली. फॉर्म भरल्याशिवाय गाडी सुटत नसे.

"ताई, फॉर्म कुठंय? ताई!"

ठिणगीने तिच्या हातातून फोन ओढला, पत्ता तळहातावर लिहिला आणि वायरलेसवर ओरडून गाडी काढायला लावली. तोवर साडेचार मिनिटं गेली होती.

माणूस वाचला. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोला फोन केल्यावर कळलं, की तो पुस्तकबांधणी करायचा. उजवा हात गेला होता.

फोन ठेवला आणि ठिणगीने आदेश गुंडाळून ठेवला. एक ओळ टाइप करून तिने कॉम्प्युटरला विचारलं, तुला किती मॉनिटर जोडलेत? उत्तर आलं, सात.

भिंतीवर सहा होते. तिने दोनदा मोजले.

मग ती टेबलाखाली शिरली आणि एकेक वायर हाताने चाचपत निघाली. सहा वायरी भिंतीवर गेल्या. सातवी छताच्या पोकळीतून, भोक पाडून, थेट साहेबांच्या केबिनमध्ये. तिथे त्यांचा मोठा टीव्ही होता. पाहुण्यांना बसल्या जागी कक्ष दाखवता यावा म्हणून गुपचूप जोडून घेतलेला. टीव्ही बंद असला तरी कॉम्प्युटरच्या लेखी ती सातवी स्क्रीनच होती.

तिने टीव्ही लावला. त्यावर तीन कोरे फॉर्म उघडे होते. एक कालचा. दोन त्याआधीचे, फोन कटला समजून कुणी दखलच न घेतलेले.

तिने मोबाइलवर फोटो काढला. तेवढ्यात साहेब आले.

"माझ्या केबिनमध्ये काय करताय?"

"माणसं शोधतेय," ती म्हणाली. "तीन सापडली."

खिशातल्या कटरने तिने त्यांच्यादेखत वायर कापली. साहेब निलंबनाच्या गोष्टी करत राहिले. ती बाहेर येऊन कामाला लागली. कुठला मॉनिटर कुठे, हे वायरीवरून नव्हे तर मॉनिटरच्या स्वतःच्या क्रमांकावरून ठरेल असं तिने लिहून टाकलं, आणि फॉर्म कायम मधल्या स्क्रीनवर बांधला. मग पाच वेळा यंत्र बंद-चालू केलं. काही हललं नाही. सगळं मिळून चाळीस मिनिटांचं काम.

तिला नोटीस आली. उत्तरात तिने तो फोटो जोडला. चौकशी बसली, आणि साहेबांची बदली झाली. वरच्या पदावर. त्या संध्याकाळी तिने घरी कपाटाचं दार इतक्या जोरात आपटलं की नवरा, हातात वस्तरा घेऊन दिवसभर लोकांच्या गळ्याशी खेळणारा न्हावी, मुकाट्याने दुसऱ्या खोलीत गेला.

रविवारी ती पुस्तकबांधणीवाल्याच्या घरी गेली. जिने चढून, नाव-काम सांगून, खुर्चीच्या कडेवर बसून तिने सगळं सांगितलं. वायर, टीव्ही, साडेचार मिनिटं. आणि आपण आदेश पाळला, तेही.

तो ऐकत होता. मांडीवर निर्जीव हात.

"तुम्हीच का आलात?" त्याच्या बायकोने विचारलं. "तो साहेब कुठंय?"

"तो येणार नाही."

"मग त्याचा पत्ता द्या."

ठिणगीने पिशवीतून पेन काढलं आणि साहेबांच्या नव्या कार्यालयाचा पत्ता, मजल्यासकट, ठळक अक्षरात लिहून दिला.