पानी चालतंय ना?

"पानी चालतंय ना?" वाटेत कोणीही भेटले की काकी आधी हेच विचारत. लेकराबाळांची चौकशी त्यानंतर. नवख्याला हा प्रश्न चमत्कारिक वाटे. तलासरीच्या पूर्वेकडील आमच्या डोंगराळ गावात मात्र त्याचा अर्थ शाळकरी मुलांनाही ठाऊक होता.

हिवाळ्यात शाळेच्या मैदानावर आम्ही कंदांचा उत्सव भरवतो. डहाणूच्या किनाऱ्यावरचे बागायतदार चिकू आणतात, वरोरच्या बायका सुकी मासळी आणतात. पण गर्दी होते ती कडूकंदाच्या हंड्याभोवती. हा कंद जात्याच विषारी. त्याच्या पातळ चकत्या राखेच्या पाण्यात उकडायच्या, टोपलीत भरायच्या आणि ती टोपली रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात बांधून ठेवायची. पाणी कडवटपणा घेऊन जाते. साचलेले पाणी तो कंदालाच परत देते.

म्हणून आमच्याकडे एक रीत आहे. ज्याने टोपली पाण्यात ठेवली, त्याने पहिला घास खायचा. काकी चकती जिभेवर ठेवून डोळे मिटत. रांग ताटकळे. मी एकदा म्हणालो, "काकी, पाहुणे उभे आहेत."

"गुरुजी, तुमी पेपर न तपासताच पोरं पास करता का?"

रांगेत हशा पिकला. काकींनी डोळे उघडले नाहीत.

आपणही अशी हट्टी माणसे पाहिली असतील. काकींचा हट्ट आम्हाला गमतीचा वाटे. मग वरच्या अंगाला रस्त्यासाठी डोंगर फोडू लागले. ओढ्याचा रंग आधी लाल झाला, नंतर त्याचा आवाज खाली आला. काकी काठावर बसून कान देत. "म्हाताऱ्यागत घशातल्या घशात बोलतोय," त्या म्हणाल्या. त्या वेळी कोणी हसले नाही.

त्या वर्षीच्या उत्सवाच्या आदल्या संध्याकाळी काकींनी नेहमीच्या जागी टोपली बांधली. रात्री वर कुठेतरी मातीचा ढिगारा घसरला. सकाळी त्यांची सून ओढ्यावर गेली, तेव्हा टोपली पाण्यात बुडालेलीच होती; म्हणून तिने ती उचलून आणली. पाणी होते. ते चालत नव्हते, एवढेच तिच्या ध्यानात आले नाही.

"पानी चालत होतं ना?" काकींनी विचारले.

"भरलेलं होतं की, आत्या."

काकींनी सुनेकडे क्षणभर पाहिले. मैदान माणसांनी भरले होते, द्रोण पुढे आले होते. त्यांनी चकती जिभेवर ठेवली, डोळे मिटले. आणि पुढच्याच क्षणी पायाने हंडा लवंडून दिला. मुले ओरडली. काकी गळा धरून खाली बसल्या आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "कुत्र्यालापण खाऊ देऊ नका."

दवाखान्यातून त्या परतल्या, पण आवाज परतला नाही. नंतर त्या तो प्रश्न हातानेच विचारत: तळवा आडवा धरून बोटे पुढे सरकवीत. पावसाळ्यात तापाचे निमित्त झाले आणि काकी गेल्या.

यंदाही उत्सव भरला. ओढा चालत नव्हता, म्हणून सुनेने टोपली शाळेच्या टाकीत ठेवली होती आणि नळ थोडा सोडला होता. हंड्यातून वाफ निघत होती. रांग नेहमीपेक्षा लांब होती. पुढे उभी असलेली मुले द्रोण वाजवीत होती.

"रातभर नळ चालू होता ना?" मी विचारले.

"मी निजले तवा तरी चालू होता, गुरुजी," सून म्हणाली. द्रोण घेऊन ती चकती उचलायला हंड्याकडे वळली.

मी तिच्या हातातून द्रोण घेतला. मुलांना मागे सरायला सांगितले. एक चकती जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले.

मैदान गप्प झाले. इतके गप्प, की एरवी कुंपणापलीकडचा ओढा ऐकू आला असता.