निघताना आरवणारा कोंबडा

कोंबडा पहाटे आरवतो, असं पोरांच्या पुस्तकात छापणाऱ्याच्या घरी कोंबडा नसणार. पहाटे आरवतो हे खरं, पण मग तो न्याहारीच्या वेळी आरवतो, भर दुपारी आरवतो, दिवेलागणीलाही आरवतो. पहाटेची बांग तेवढी लोकांच्या लक्षात राहते, कारण तेव्हा बाकी सगळं गप्प असतं आणि झोपमोड झाल्याचा राग असतो. मी काही वर्षं एका कोंबड्याचं आरवणं दिवसभर ऐकत काढली. हौस म्हणून नव्हे. दुसरं ऐकायला काही नव्हतं.

ही एकोणीसशे तीसच्या पुढची गोष्ट. माझं माहेर बारामतीचं, सासर इंदापूर तालुक्यातलं, कालव्याच्या कडेला. सकाळी बैलगाडी जुंपली तर दुपारच्या आत बारामती यायची. पण आमच्या घरात सुनेनं पुढच्या दारात यायचं नाही अशी रीत होती. पाणीसुद्धा गडी आणून ओतायचा. लोक म्हणायचे, केवढं सुख. स्वयंपाकघर, मधली खोली आणि मागचं परसू एवढ्यात ते सुख मावलेलं होतं. परसाला माणसाच्या डोक्यावर जाईल अशी मातीची भिंत होती, आणि तिच्यापलीकडे काय चाललंय ते मला कोंबड्यावरून कळायचं.

तांबडा, तुरा एका अंगाला कललेला, चालणं एखाद्या पाटलासारखं. लांबच्या वस्तीवरचा कोंबडा आरवला की ह्याला उत्तर द्यावंच लागे, आणि ह्याचं ऐकून तिसरा कुणी सुरू व्हायचा. कोंबडीनं अंडं घातलं की आरवायचा, जसं काही ह्यानंच घातलं. घार डोक्यावरून गेली की आधी कोंबड्यांना गप्प करायचा आणि ती लांब गेल्यावर छाती काढून बांग द्यायचा. तेव्हा पलीकडे साखरेचा कारखाना नवा उभा राहिला होता. त्याचा भोंगा वाजला की हा चिडायचा. इंदापूरची मोटार सडकेवरून भोंगा वाजवत गेली तरी तेच. भाकरी थापताना मी हिशोब लावायची: ही बांग मोटारीची, ही परक्या माणसाची, ही नुसतीच. माझ्या ध्यानात आलं ते इतकंच, की त्याला वेळेशी काही देणंघेणं नव्हतं. ही जागा माझी, इथं मी आहे, एवढं त्याला जगाला सांगायचं असायचं. मला त्याचा हेवा वाटायचा.

आता त्या घराची रीत सांगते. कुणी प्रवासाला निघताना कोंबडा आरवला तर पाऊल मागं घ्यायचं. मामंजींचे थोरले भाऊ एकदा अशी बांग झाली असताना निघाले आणि कालव्याच्या पुलावर गाडी उलटून पाय मोडून बसले, तेव्हापासूनची ही रीत. पुरुषांसाठी तिला पळवाट होती. बांग झाली की ते ओट्यावर टेकायचे, गूळपाणी घ्यायचे, बांग उतरली म्हणायचे आणि निघायचे. सुनेच्या बाबतीत मात्र बांग उतरायची नाही. सून निघायची ती बारामतीच्या बाजारादिवशी, माळव्याच्या, म्हणजे भाजीपाल्याच्या गाडीतून. तो दिवस हुकला की पुढल्या बाजारापर्यंत बसा.

एका भाद्रपदात आमच्याकडे कासार आला. बारामतीहून इंदापुरापर्यंत गावोगाव बांगड्या भरत फिरणारा म्हातारा. परसात बसून माझा हात दाबता दाबता तो हळूच म्हणाला, "ताई, तुमच्या आईनं हातरूण धरलंय. दिसंल त्याला इचारत्यात, माजी लेक कवा येतीय म्हून."

माझ्या हातात बांगडी फुटली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पलीकडे धान्य पाखडत होत्या. त्यांनी ऐकलं होतं. "जा की," त्या म्हणाल्या. "आमी काय न्हाय म्हणतोय व्हय? बाजारादिशी जा."

बाजाराचा दिवस आला. मी पहाटेच बोचकं बांधून ठेवलं. गाडी जुंपली, मी मागल्या दाराच्या उंबऱ्यात आले आणि कोंबडा आरवला. मामंजी आत गेले. आत्याबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे आज. पुढल्या बाजारी बघू." पुढल्या बाजारीही तेच झालं. त्या वेळी मात्र मी नीट कान देऊन ऐकत होते. गड्यानं बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा घातल्या, बैलांनी माना हलवल्या, आणि लगेच बांग आली. आपल्या अंगणात दुसऱ्या कुणाचा आवाज त्याला खपत नव्हता. म्हणजे गाडी जुंपली की तो आरवणारच, आणि गाडी जुंपल्याशिवाय मी निघणार कशी? हा फास कुणी मुद्दाम घातला असता तर इतका घट्ट बसला नसता.

मी आत्याबाईंना सांगून पाहिलं. "घुंगरं वाजली की तो वरडतो, आत्याबाई. त्यात शकुनाचं काय न्हाय."

"आता तू आमाला शिकीव," त्या म्हणाल्या आणि चुलीत फुंकर मारायला वळल्या.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी आढ्याकडे बघत "आईला इचार" म्हणून सोडून दिलं.

तिसऱ्या बाजारी मी उजाडायच्या आधी कोंबड्याला धरला, कडब्याच्या खोलीत नेऊन डालग्याखाली घातला आणि वर दोन गोणपाटं टाकली. बिचारा अजून रात्र आहे असं समजून गप्प बसला. गाडी जुंपली. घुंगरं वाजली. बांग नाही. मी उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकलं.

"थांब ग," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी कान टवकारले होते. "कोंबडा कसा वरडला न्हाय? रोज वरडणारं पाखरू आज गप हाय. हे काय बरं लक्षान न्हाय."

मामंजींनी हो म्हणून मान हलवली. ह्यांनी बैलांच्या पाठीवर हात फिरवला आणि कुणाकडेच न बघता गाडी हाकली. वांग्यांची पोती बारामतीला गेली, मी राहिले.

ऊस तोडणीला यायचा होता, घरात माणसांचा राबता वाढला होता, आणि मी गेले की भाकरी आत्याबाईंच्या गळ्यात पडणार होत्या. हे कारण तोंडानं सांगता येत नाही, म्हणून कोंबडा. त्याचा त्यात काडीचा दोष नव्हता. तो आरवला तरी मी राहणार होते, न आरवला तरी राहणार होते. मी कडब्याच्या खोलीत गेले, गोणपाटं ओढली, डालगं उचललं. तो फडफडत बाहेर पडला आणि कोंडल्याचा सगळा राग काढत आरवत सुटला. मी तिथंच कडब्यावर बसून रडले. रडताना मला आईची आठवण येत होती म्हणावी तर तसंही नाही, मला राग आला होता.

पुढचा बाजार यायच्या आतच एका दुपारी बारामतीचा माणूस आला. माझ्या वडिलांच्या मळ्यातला. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. गड्यानं त्याच्यापुढं तांब्या धरला आणि त्यानं नको म्हणून मान हलवली. मयताचा निरोप आणणारा माणूस त्या घरचं पाणी घेत नाही, हे मला ठाऊक होतं. त्यानं काही सांगायच्या आतच मी खाली बसले.

मग सगळ्यांची धावपळ उडाली. मामंजींनी स्वतः बैल आणले. ह्यांनी गाडीत पेंढा पसरला. बोचकं कुणी बांधलं मला आठवत नाही. मला पुढच्या दारातून, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत बाहेर आणलं. घुंगुरमाळा काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. बैलांनी माना हलवल्या, आणि भिंतीवर चढून कोंबडा गळा ताणून आरवला. एकदा आरवला, पुन्हा आरवला.

माझा गाडीवर टाकलेला पाय आपोआप खाली आला. मी आत्याबाईंकडे बघितलं.

"कोंबडा आरवला," मी म्हणाले.

"आरवू दे," त्या म्हणाल्या. "बस तू. आता कुठं काय व्हायचं ऱ्हायलंय."