शेपटीवर दोन थापा

तिसरी आंबोळी तव्यावर होती, सेवरीनाचा नवरा कायतान दुसऱ्या चहासाठी कप वाजवत होता, तेवढ्यात पुढच्या दारावर टकटक झाली. सेवरीनाने गॅस बारीक केला आणि चपला शोधल्या. सकाळच्या टकटकीचा अर्थ तिला ठाऊक होता. दारात एखादा पाहुण्यांचा ड्रायव्हर उभा असणार आणि म्हणणार, "आंटी, जरा मागे बघता?"

देवबागेतली त्यांची पाणंद खाडीला जाऊन संपते. दोन्ही बाजूंना चिऱ्यांच्या बुटक्या भिंती, गडगे, गाडी वळवायला जागा नाही. सरळ आत आलेल्या गाडीला उलटंच बाहेर जावं लागतं. चौदा वर्षांपूर्वी बर्फाचा टेम्पो असाच मागे येताना कायतानचा डावा पाय गडग्यात चेपला होता. त्या दिवसापासून या पाणंदीतून सेवरीनाशिवाय एकही गाडी मागे गेली नव्हती. तिचे नियम पक्के. काचा खाली, गाणी बंद. ती कधीच गाडीच्या थेट मागे उभी राहत नसे. ड्रायव्हरच्या बाजूला, त्याच्या आरशात दिसेल अशी उभी राही आणि आधी विचारी, "माझा तोंड दिसता मा आरशात?" मग गाडीच्या शेपटीवर एक थाप म्हणजे ये, दोन म्हणजे थांब. मुंबईहून आलेले मोठे साहेबसुद्धा निमूटपणे ऐकायचे.

पण आज दारात शेजारची स्वप्ना होती, हातात पेढ्यांचा बॉक्स.

"मावशे, गाडी घेतलंव! काल रात्रीच इली. मागे कॅमेरो आसा, सगळा पडद्यार दिसता. आता तुका कोण उठवूचो नाय बघ."

स्वप्ना हे अगदी मायेने बोलली. सेवरीना "बरा झाला गो बाय" म्हणाली, पेढा तोंडात टाकला आणि आत वळली.

"कोण इल्ला?" कायतानने आतून विचारलं.

"माझी सवत," ती म्हणाली. "पडदो असलेली."

कायतान हसला. तिला हसू आलं नाही. आंबोळी करपली होती.

जळायला लाज वाटावी असं तिचं वय होतं, साठी जवळ आलेली. स्वप्नाच्या गाडीचा, तिच्या होमस्टेचा, तिच्या नव्या पाटीचा तिला कधी हेवा वाटला नव्हता. पण हे एक काम तिचं होतं. पाणंदीतली माणसं तिला त्यासाठी हाक मारत होती. आता हाक कोण मारणार? बटणाएवढी काच जर तिच्या डोळ्यांचं काम करणार असेल, तर तिने सकाळी चपला कशासाठी शोधायच्या?

बाहेर गाडी सुरू झाली. स्वप्नाचा नवरा अजय पाहुण्यांना आणायला कुडाळला निघाला होता. सेवरीना गडग्याशी जाऊन उभी राहिली, पण हात छातीशी बांधून. काचा बंद, आत गाणी. गडगे दोन्हीकडे इतके जवळ, की गाडीचा सेन्सर सारखा टीट-टीट ओरडत होता आणि अजय त्या ओरडण्याकडे लक्षच देत नव्हता.

आणि मग तिला काशीबाई दिसली. अजयची आत्या, कानाने पार गेलेली. रोज ती अंगणात बांगडे सुकत घालायची, पण अंगण आता गाडीने घेतलं होतं. म्हणून आज पहिल्यांदाच ती पाणंदीत उन्हाच्या तुकड्यात चटई पसरून, गाडीकडे पाठ करून बसली होती.

'बघांदे त्याच्या कॅमेऱ्याक,' सेवरीनाच्या मनात आलं. 'सगळा दिसता मा?'

गाडी एक हात मागे आली. आणखी एक हात. पडद्यावर दिसत असतं, तर आता थांबायला हवी होती. ती थांबली नाही.

सेवरीना धावली. एक चप्पल तिथेच राहिली. दोन्ही तळव्यांनी तिने शेपटीवर थापा हाणल्या, दोन, खणखणीत. गाणी चालू असतानाही अजयचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. चौदा वर्षं ऐकलेल्या थापा होत्या त्या.

चाक चटईवर चढलं होतं. काशीबाईच्या पाठीत आणि गाडीत एक वीत उरली होती. ती मागे वळली, गाडी बघितली, बांगडे बघितले आणि कडाडली, "मेल्या, गाडयेचे पेढे वाटलंस, आता माझ्या बांगड्यांचा बारावा घाल!"

अजय पांढराफटक होऊन उतरला. काल घरी आणतानाच त्याने गाडी फोटोसाठी किनाऱ्यावर नेली होती. कॅमेऱ्याच्या काचेवर खारं पाणी आणि बारीक वाळू वाळून चिकटली होती. पडद्यावर नुसतं धुकं होतं. सकाळचं ऊन असेल, असं त्याला वाटलं होतं.

स्वप्ना धावत आली, सेवरीनाचे हात धरून रडायला लागली. "मावशे, तू होतंस म्हणान..."

"तसा म्हणू नको," सेवरीनाने हात सोडवून घेतले. "माका ती आधीच दिसली होती. तरी मी उभी रवलंय."

"कित्याक?"

"जळलंय. तुझ्या कॅमेऱ्यार."

काशीबाई चटईवरचे धड राहिलेले बांगडे वेगळे काढत होती. अजयने काच रुमालाने पुसली, मग खाली मान घालून म्हणाला, "मावशे, काय होया ता सांग. आज नाय म्हणूचंय नाय."

सेवरीनाने मागे जाऊन आपली चप्पल पायात घातली.

"कॅमेरो रवांदे," ती म्हणाली. "फक्त गाडी मागे घेवच्या आधी माका एक हाक मार."