गोल नसतानाची आरोळी

फुटबॉलचा वर्ल्डकप बघायला मला देश सोडायची काहीच गरज नव्हती. मोबाइलवर तो स्टेडियमपेक्षा चांगला दिसतो, वर चहाही स्वतःच्या हातचा मिळतो. मी आखातात गेले ती ओरडायला. हे खरं कारण तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. आता सांगते, ज्याला हसायचं असेल त्याने खुशाल हसावं.

मी सातपुड्यातल्या पाड्यावरची, काठी गावाच्या बाजूची. आमच्याकडे प्रत्येकाचं घर आपापल्या टेकडीवर असतं आणि शेजारी राहतो नाल्यापलीकडे. बैल सुटला, पाहुणे आले, कुणाला पोर झालं, काहीही सांगायचं तर तळहात तोंडाशी धरून आरोळी द्यायची. होळीला ढोल तापले की तीच आरोळी पोटातून निघते आणि पलीकडच्या डोंगरावर जाते. बायकाही देतात, आणि पुरुषांपेक्षा जोरात. माझ्या आईची आरोळी ओळखू येत नाही असा माणूस आमच्या भागात सापडला नसता.

फुटबॉल मला आश्रमशाळेत मिळाला. क्रिकेटला सामान लागतं. आमच्याकडे सगळ्या मुलींत मिळून एक चेंडू होता. मी गोलात उभी राहायचे आणि तिथून अशी ओरडायचे की स्वयंपाकघरातल्या मावशी भाकरी टाकून बाहेर यायच्या. मला कुणी कधी गप्प बस म्हटलं नाही.

पुढे शिक्षिका झाले. शाळा ब्राह्मणपुरीकडे आणि राहायला शहाद्यातली कॉलनी. तिथे राहायला गेल्यावरच्या पहिल्याच वर्ल्डकपमध्ये माझ्या संघाने गोल केला आणि मी घरात होते तशी उठून आरोळी दिली. माझा संघ कुठला ते विचारू नका, तो दरवेळी बदलतो. हरणार म्हणून सगळ्यांनी आधीच सोडून दिलेला जो असेल, तो माझा.

सकाळी शेजारच्या मावशी आल्या. बाई वाईट नाही, येताना वाटीभर शेवभाजी घेऊन आल्या होत्या.

"ताई, रातले काय झायं व? आम्ही ते घाबरी गऊत."

"काही नाही मावशी, गोल झाला."

"झाया ते झाया. पण हाई कॉलनी शे ताई, पाडा नही."

हसत म्हणाल्या आणि वाटी ठेवून गेल्या. मीही हसले. माझ्या त्या हसण्याचा मला आजही राग येतो. कारण पुढच्या सामन्यापासून मी गोल झाला की ओढणीचं टोक तोंडात कोंबायला लागले. शाळेत बाई म्हणून मान होता, कॉलनीत 'ताई' म्हणत होते, तो मान सांभाळायचा तर आवाज गिळायला हवा, असं मीच माझं ठरवून टाकलं. असे कितीतरी गोल मी गिळले. मग वर्ल्डकप आखातात होणार असं कळलं, आणि मी पुण्याच्या एका टूरवाल्याकडे नाव घातलं.

निघण्याआधी पाड्यावर सांगायला गेले. वडील अंगणात मक्याची कणसं सोलत बसले होते. परदेशात चाललेय म्हटल्यावर त्यांनी आमच्या बोलीत पहिला प्रश्न विचारला, "मुकादम कोण?"

त्यांचं बरोबरच होतं. आमच्या घरातून जो कुणी बाहेर गेला तो कामाला गेला. दिवाळी झाली की गुजरातेत, ऊस तोडायला नाहीतर इमारतीवर, मुकादमाच्या मागून. नुसतं जायचं म्हणून आमच्यातलं कुणी कुठे गेलेलं नव्हतं.

"मुकादम नाही बाबा."

"मग काम कसलं?"

"काम नाही. बघायला चाललेय. फुटबॉल."

"उचल किती घेतलीस?"

"उचल नाही. टूरवाल्याकडे पैसे मीच भरलेत."

वडिलांनी हातातलं कणीस खाली ठेवलं. "मुकादमाला तू पैसे दिलेस?" भाऊ हसून हसून लोळायचा बाकी राहिला. वडील मात्र हसले नाहीत. निघताना एवढंच म्हणाले, "कुणी वेडंवाकडं बोललं तर थांबू नको, निघून ये." कामाला निघालेल्या पोरांना ते हेच सांगायचे.

तिकडे टूर मॅनेजरने बसमध्ये चढताना डोकी मोजली, सगळ्यांना एकाच रंगाच्या टोप्या दिल्या आणि घोळक्याबाहेर जायचं नाही म्हणून बजावलं. तेव्हा मला वाटलं, वडिलांचं फारसं चुकलं नव्हतं.

स्टेडियम बघून मात्र मी दारातच थांबले. हे उभं करणारी माणसं आमच्यासारखीच, हंगामाला घर सोडून आलेली असणार. माझ्या भावाने सुरतेला ज्या इमारती बांधल्या, त्यांच्या दारातून नंतर त्याला कुणी आत सोडलेलं नाही. मी आत शिरले आणि पाय पसरून मधोमध बसले.

दुपारचा सामना होता. आमच्या पुढच्या रांगांत माझ्या संघाचे लोक, तोंडं रंगवलेले, उघड्या अंगाने ढोल बडवणारे. पहिल्या हाफमध्येच आमचा गोल झाला. अख्खं स्टेडियम उठलं. मीही उठले. आणि माझा हात आपोआप गळ्याशी गेला, ओढणीचं टोक घेऊन तोंडात. हजारो माणसं बोंबलत होती आणि मी तिथे ओढणी चावत उभी होते. एवढा समुद्र ओलांडून कॉलनी माझ्याबरोबर आली होती. मला रडू आलं नाही. संताप आला, स्वतःच्याच हाताचा.

मध्यंतरात ओढणी काढून पिशवीत कोंबली आणि दुसऱ्या गोलाची वाट बघत बसले. तो होईना. उलट समोरच्यांनी बरोबरी केली, मग आघाडी घेतली. पुढचे ढोल हळूहळू थंडावले. घड्याळ पळत होतं आणि माझ्या लक्षात आलं की गोलाची वाट बघत बसले तर मी गप्पच परत जाणार.

चेंडू मैदानाच्या मध्यावर होता, उगाच इकडून तिकडे चाललेला. मी उभी राहिले, तळहात तोंडाशी धरला आणि दिली.

सुरुवातीला आवाज फाटला. मग सापडला. पुढच्या रांगेतली रंगवलेली तोंडं वळली.

टूर मॅनेजर धावत आला. "मॅडम, काय झालं? गोल कुठे झालाय?"

"नाही झाला."

"मग प्लीज बसा ना. आपण इंडियाकडून आलोय, बरं दिसत नाही."

"आणि हे उघडे होऊन ढोल बडवतात ते?"

"त्यांचं ते कल्चर आहे, मॅडम."

त्याच्या चेहऱ्यावर मला चिडवण्याचा लवलेश नव्हता. बिचाऱ्याला खरंच तसं वाटत होतं. त्याला समजावत बसले असते तर सामना संपला असता, म्हणून मी त्याच्याकडे पाठ केली आणि पुन्हा आरोळी दिली, लांबलचक, पलीकडच्या टेकडीवर कुणी असेलच अशी. मग आणखी एक. आमच्या ग्रुपमधल्या बायकांनी टोप्या डोळ्यांवर ओढल्या. शिट्टी होईपर्यंत मी खाली बसले नाही.

सामना आम्ही हरलो. परतीच्या बसमध्ये माझ्याशी कुणी बोललं नाही. बोललं असतं तरी मला उत्तर देता आलं नसतं, घसा पार बसला होता. खिडकीला डोकं टेकून मी मजेत बसले होते.