बाळाप्पाचे नियम

१९४६ साल. मी अठ्ठावन्न वर्षांचा. सकाळी मागावर बसलो होतो, त्याखालच्या खड्ड्यात पाय सोडून, आणि शेजारची गंगाक्का घागर घेऊन जाता जाता दारातून म्हणाली, "बाळाप्पा गेला म्हणं." मी विचारलं, "कुठं गेला?" ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली, तेव्हा मला कळलं. दुपारी आम्ही त्याला पोचवून आलो. आता त्याला महिना होऊन गेला. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, लिहिणं हे माझं काम नव्हे. पण वर्तमानपत्राच्या पुरवणीत मोठमोठ्या माणसांवर पानं भरून येतात आणि बाळाप्पावर कुणी चार ओळी लिहिणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून बसलो लिहायला.

बाळाप्पा कॅम्पातल्या, गोऱ्या पलटणीच्या वस्तीतल्या, एका शाळेत शिपाई होता. घंटा वाजवायची, वर्ग झाडायचे आणि संध्याकाळी बास्केटबॉलचा खेळ बघत भिंतीला टेकून उभं राहायचं. पंचवीस वर्षांमागं शाळेनं एक जुना चेंडू टाकून दिला, तो मागून घेऊन हा वडगावात आमच्या गल्लीतल्या आपल्या घरी आला आणि आम्हा विणकरांच्या मागं लागला. पिंपाची लोखंडी कडी खांबाला ठोकली, जाळं मी उरल्यासुरल्या सुताचं विणलं. अमावस्येला आमचे माग बंद असतात, म्हणून खेळ अमावस्येला. वडगावच्या दोन गल्ल्या, शेजारच्या शहापूरच्या दोन, असे चार संघ. सगळे लेकुरवाळे बाप्ये, कुणाचं पोट सुटलेलं, कुणाला टक्कल पडलेलं. बायका दारातून हसायच्या. पण दिवसभर खड्ड्यात पाय घालून बसणाऱ्या माणसाला उभं राहून पळायला मिळणं म्हणजे काय, ते त्यांना कुठून कळणार...

नियम बाळाप्पानं केले. शाळेतले ऐकून होता, पण तसेच्या तसे घेतले नाहीत. वहीच्या पानावर लिहून काढले आणि दर खेळाआधी मराठीत वाचायचा, मग तेच कानडीत. पंचविशीच्या आतला गडी नको. बाप आणि लेक एका संघात नकोत, कारण बाप चुकला तर लेकाला बोलता येत नाही. धोतर सुटलं तर खेळ थांबवायचा, चेंडू ज्याच्या हातात त्याच्याच हातात राहील. यावर लई हशा व्हायचा. "आणि दोघांचं एकदम सुटलं तर?" असं कुणीतरी विचारायचंच. बाळाप्पा हसायचा नाही. "मग पंचानं डोळं मिटावं," म्हणायचा आणि पुढचा नियम वाचायचा.

शेवटचा नियम त्याच्या स्वतःच्या डोक्यातला. पंचाच्या इमानावर कुणी बोट ठेवलं आणि शब्द माघारी घेतला नाही, तर पंचानं शिट्टी खाली ठेवावी, पुन्हा उचलू नये. मी म्हटलं, "हे कशाला रं? शिव्या देणाऱ्याला बाहेर काढ की." तो म्हणाला, "परशा, घंटेवर इस्वास नसंल तर शाळा भरंल काय? मी बरोबर असून उपेग न्हाय. लोकांनी मला बरोबर म्हणाया पायजे." पंच तो एकटाच. दुसऱ्या कुणाला सगळे नियम पाठ नव्हते.

आता आमची खोड सांगतो. चेंडू हातात असताना एक पाय रोवलेला पाहिजे, तो उचलून पुन्हा टेकवला की चेंडू समोरच्यांचा, असा नियम. आम्ही मागवाले. हातानं दोरी ओढून धोटा इकडून तिकडं धाडला की खाली पावडीच्या फळ्यांवरचे पाय बदलतात, एक वर, एक खाली. जन्मभर तेच. त्यामुळं हात चेंडू फेकायला निघाला की पाय आपोआप उचलला जायचा आणि टेकायचा. सगळ्यांचंच तसं. बाळाप्पा तेवढा मागावर बसलेला नव्हता, त्यामुळं त्याला ते लांबून दिसायचं. आम्ही म्हटलं, विणकरांना एवढी सूट दे. तो म्हणाला, "मग खेळ कसला? बसा की मागावर."

वर्षाची शेवटची अमावस्या होती. आमची गल्ली आणि शहापूर, दोघांचे गुण सारखे. मी आमचा म्होरक्या. चेंडू माझ्याकडे आला, मी फेकला, कडीतून गेला. आमची गल्ली नाचायला लागली आणि शिट्टी वाजली.

"पाय हालला," बाळाप्पा म्हणाला.

"न्हाय हालला."

"हालला रं, परशा. मी बघितलो."

आणि मी म्हणालो... पंधरा दिवसांपूर्वी त्याच्या लेकीची सोयरीक शहापुरात ठरली होती, तिकडचा म्होरक्या मारुती हाच तिचा सासरा होणार होता. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "सोयऱ्यांसाठी शिट्टी मारलास तू."

बाळाप्पा माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "शब्द माघारी घे."

"घेत न्हाय."

तो थांबला. मग मारुतीकडे बघितलं, आमच्या लोकांकडे बघितलं, की कुणी काही बोलतंय का. कुणी बोललं नाही. त्यानं शिट्टी गळ्यातून काढली, खांबाच्या बुडाशी ठेवली आणि घरी गेला. पुढं दोन अमावस्या दुसऱ्यांनी पंचगिरी करून बघितली, दोन्ही वेळा मारामारी झाली. तिसऱ्या अमावस्येला कुणी आलंच नाही.

पाय हालला होता. मला ते शिट्टीच्या आधीच कळलं होतं.

वीस वर्षं आम्ही एका गल्लीत राहिलो आणि बोललो नाही. मी वाट बघायचो, की तो आधी बोलेल. त्यानं का बोलावं, हे मात्र मी स्वतःला विचारलं नाही. शेवटी तो अंथरुणाला खिळला तेव्हा त्याच्या बायकोनं, काशाक्कानं निरोप धाडला, "तुमास्नी बोलवाय लागल्यात." गेलो. हात काटकीसारखे झाले होते. इकडचं तिकडचं बोललो, सुताच्या टंचाईचं बोललो. मग त्यानं विचारलं, "परशा, हालला हुता न्हवं?"

मी म्हणालो, "आता कशाला ते जुनं."

"बरं," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं. आठव्या दिवशी गंगाक्का दारात आली.

त्याला पोचवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून शहापूरला मारुतीकडे गेलो. तो सूत उकलत बसला होता. मी उभ्यानंच म्हटलं, "माझा पाय हालला हुता."

त्यानं मान वर केली नाही. "ठाऊक हाय की. सगळ्यास्नी ठाऊक हुतं. तुमची गल्लीवालीबी माघारी जाताना हसत हुती."

"मग बाळाप्पाला कुणी सांगितलं न्हाय?"

मारुतीनं हातातली सुताची गुंडी खाली ठेवली. "आमास्नी वाटलं, त्याला कळलं असंल, आमी त्यालाच खरं मानताव म्हणून. तुमच्या दोघांच्या भांडणात कोण पडणार?" मग म्हणाला, "पर त्याची पोर, आमची सून, म्हायेरास्नं आली की सांगायची. दर खेपंला इचारायचा म्हणं तिला, शहापुरात लोक काय म्हंत्यात माझ्याबद्दल. तिला काय कळतंय खेळातलं... ती म्हणायची, काय न्हाय म्हणत कोण."

मी तिथं बसलो नाही. वडगावात परत आलो आणि गल्लीच्या तोंडापासून एकेका दारात उभा राहून सांगत गेलो, की माझा पाय हालला होता आणि बाळाप्पा खरा होता. कुणी "व्हय व्हय" म्हणालं, कुणी "बसा, पाणी घ्या" म्हणालं. सातव्या घरात संकेश्वराकडून आलेलं नवं बिऱ्हाड होतं. बाई म्हणाली, "कोण बाळाप्पा?" तिलाही सांगितलं. उभ्या उभ्या, पहिल्यापासून सगळं सांगितलं आणि आठव्या दाराकडे गेलो.