वन्संचा कोरडा दिवस

साऱ्या बेळगावातल्या डासांनी बसून आपल्या वैऱ्यांची यादी केली, तर पहिलं नाव आमच्या वन्संचं निघेल आणि दुसरं नाव लिहायची त्यांना गरज पडणार नाही. वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. गल्ली त्यांना आक्का म्हणते. बाकीची माणसं पाहुण्यांकडे गेली की आधी पाणी पितात, वन्सं आधी पाणी बघतात. पिशवीत बॅटरी, पाणी काढून बघायला पांढरा डाव आणि काचेची रिकामी बाटली कायम. डाव पांढराच का, तर पांढऱ्यावर वळवळणारी अळी चटकन दिसते. कुणाच्या ब्यारलात अळ्या सापडल्या की त्या बाटलीत भरून, वर घरमालकाच्या नावाची चिठ्ठी चिकटवून स्वतःच्या कट्ट्यावर मांडायच्या. एकदा आमच्या गल्लीतल्या वकिलांची बाटली तिथं तीन दिवस होती. वकील रोज रस्ता बदलून कोर्टात जात होते.

हे वेड लागलं चिकनगुन्यामुळं. ताप आठवड्यात गेला, पण गुडघे धरले ते धरलेच. वर्षभर बाई जिना आडव्या चढत होत्या. आमच्या बेळगावी बायकांच्या ‘येतो-जातो’च्या बोलीत म्हणायच्या, “डासानं मला खेकडा केलं. आता मी त्याला सोडतोय व्हय?”

आणि सोडलं नाहीच हो. माझ्या लेकीच्या सासरी, मच्छे गावात, पहिल्या हळदीकुंकवाला मी त्यांना मोठ्या हौसेनं घेऊन गेले. विहीणबाई म्हणाल्या, “आक्का, टेका की.” तर वन्सं म्हणतात, “टेकतो. तेवढा फ्रिज जरा फुडं ओढा बघू.” फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये छोटं तळंच साचलेलं, आणि त्यात मंडळी सुखानं नांदत होती. धरणीनं मला पोटात घ्यावं असं झालं. वन्संनी ट्रे धुतला, कोरडा पुसला, मगच कपाळ पुढं केलं. आता आम्ही येणार म्हटलं की विहीणबाईच फ्रिज ओढून ठेवतात.

धूर सोडणारा माणूस आला तर त्याचंही मशीन बंद करायला लावायच्या. “बर्री, नोड्री,” म्हणजे या, बघा, असं म्हणत त्याला हौदापाशी न्यायच्या आणि कानडीतच विचारायच्या, की धुरानं म्हातारे डास मरतील, पण पाण्यातली ही बालवाडी कोण बंद करणार?

पण आमच्या गल्लीचं खरं दुखणं पाण्याचंच. नळ येतो आठवड्यातून एकदा. त्यामुळं घरोघरी ब्यारल, पिंपं, हौद, आणि कितीही शिळं झालं तरी नवं येईल याचा भरवसा नाही म्हणून जुनं ओतून टाकायचं नाही, ही आमची रीत. जुन्यावर नवं, नव्यावर नवं. ब्यारलचा तळ कुणी लग्नापासून बघितला नव्हता. वन्संचं म्हणणं साधं होतं. अळीचा डास व्हायला आठवडा लागतो, आणि अंडी भांड्याच्या कडेला चिकटून बसतात. तेव्हा नळाच्या आदल्या दिवशी सगळं ओतायचं, ब्रशनं घासायचं, उन्हात पालथं घालायचं. कोरडा दिवस पाळायचा.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तर त्या हट्टालाच पेटल्या. वकिलांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, आठवा महिना. दोन गल्ल्या पलीकडं डेंग्यूचा ताप निघालेला. वन्संना दुसरं काही सुचेना. पण वकील ऐकतात होय?

“आक्का, उद्या पाणी न्हाय आलं तर पोरीला काय बाटलीतल्या अळ्या दाखवू?”

“येतंय हो. न्हाय आलं तर तुमचं ब्यारल मी भरून देतो. सगळ्यांचीच देतो. माझा शब्द हाय.”

झालं. त्या शब्दावर अख्खी गल्ली ओतली. काय ती सकाळ! दारोदारी ब्रशचा खरखराट, रस्त्यावर पालथी ब्यारलं, आणि वन्सं पदर खोचून सेनापतीसारख्या मधून फिरतायत.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं नाही. कुठंतरी मोठा पाइप फुटला होता. दुपारपर्यंत गल्लीत माठाच्या तळाशी होतं तेवढंच. बायका म्हणायला लागल्या, “म्हातारीचं ऐकलं ते आमचंच चुकलं. परत कोण ओततंय बघू.” त्या दिवशी वन्सं हरल्या असत्या, तर आमच्या गल्लीत पुन्हा कुणी ब्यारल ओतलं नसतं.

वन्सं कुणाशी भांडल्या नाहीत. कळशी आणि दोर घेऊन कोपऱ्यावरच्या जुन्या विहिरीवर गेल्या. पाणी वापरात नव्हतं, पण त्यांनीच त्यात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडून वर जाळी घातली होती. पहिली कळशी वकिलांच्या दारातल्या ब्यारलात ओतली. दुसरीही तिथंच. तिसऱ्या वेळी त्यांच्या पायरीवर गुडघा वाकेना, कळशी धरून तशाच उभ्या राहिल्या. वकील वरून बघत होते. कोर्टाच्या पॅन्टवरच खाली आले, कळशी घेतली आणि म्हणाले, “सरका आक्का. शब्द तुमचा, दोर माझा.” मग काय विचारता? कुणी ओढतंय, कुणी वाहतंय, विहिरीपासून शेवटच्या घरापर्यंत माणसांची साखळी. आमटी-भात सगळ्यांनी मिळून रस्त्यावरच खाल्ला. पावसाळाभर आमच्या गल्लीत कुणी तापानं पडलं नाही. वकिलांच्या घरी नात आली.

वन्संचे गुडघे मात्र त्या दिवसानंतर वळलेच नाहीत. आता कट्ट्यावर खुर्ची टाकून बसतात. कोरड्या दिवशी बायका येता-जाता सांगतात, “आक्का, ओतलं बरं का.” त्या मान हलवतात.

परवा मला कंटाळा आला. ब्यारल नुसतं कलंडलं आणि त्यांच्यापाशी जाऊन बसले.

“घासलंस?”

“घासलं की वन्सं.”

त्यांनी माझे हात हातात घेतले, उलटेसुलटे केले. हात कोरडे ठणठणीत. आता फैलावर घेणार म्हणून मी मान खाली घातली. पण त्या नुसता माझा हात थोपटत रस्त्याकडं बघत राहिल्या.

मी उठले, घरी गेले आणि ब्रश घेऊन ब्यारलात वाकले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.